पाच पिवळे बोल्ट

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या वर्षी मनी प्लांटच्या बाटलीशेजारी पाच बोल्ट वाळत ठेवलेले असायचे. पिवळे धम्मक. आई रोज भाजी चिरताना त्यांच्याकडे बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "हे काय गं, कसलं व्रत-बित आहे का?" मी म्हटलं, "हो, पाच बोल्टांचं. उद्यापनाला कचोरी लागते." ती बिचारी खरं मानून गप्प बसली. अन्नपूर्णेच्या देवळाजवळ राहून राहून तिला कुठल्याच व्रताचं आश्चर्य वाटेनासं झालंय.

मी इंदूरच्या विमानतळावर काम करते. विमानात माल चढवणारी-उतरवणारी जी टोळी असते, तिच्या सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे. ओळखपत्रावर माझं पद दोन ओळींत मावत नाही, पण काम एका शब्दात सांगता येतं. ओरडणं. कानांवर आवाज अडवणारे मफ चढवा. चालत्या बेल्टवर उभे राहून वर जाऊ नका, तो पेट्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. इंजिन थांबून विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा विझेपर्यंत रेषेच्या आत पाय टाकायचा नाही. हे मी रोज सांगते आणि रोज कोणीतरी म्हणतं, "मॅडम, टेन्शन मत लो, हो जाएगा." हो जाएगा! हे दोन शब्द ऐकले की माझं डोकंच फिरतं. काय होईल ते मला माहीत आहे, म्हणून तर मी घसा फोडते ना!

आमच्या बोलण्याबद्दलही आधीच सांगून टाकते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचे मराठी. आमच्या मराठीत हिंदी अशी मुरलेली असते की वेगळी काढायला गेलं तर वाक्यच उरत नाही. आमचे साहेब दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आले. मी 'अपन' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि पोह्यांवर शेव दिसली की ते मान फिरवतात. माणूस चांगला आहे, पण पोह्यांच्या बाबतीत त्यांचं काही खरं नाही.

आता काका. टोळीतले सगळ्यात जुने. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, मी नुसतं काका, कारण तेही मराठी, स्नेहलतागंजातले. विमानाच्या चाकांना ठोकळे लावावेत तर काकांनी. इतक्या अलगद लावायचे की जणू झोपलेल्या बाळाच्या डोक्याखाली उशी सारताहेत. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं. घरातून विमानतळापर्यंत ते रोज सायकलने यायचे, वर्षानुवर्षं.

मग एक दिवस ते ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आले. म्हणाले, सायकल पंक्चर आहे. ते पंक्चर महिनाभर निघालं नाही.

हा ट्रॅक्टरवाला म्हणजे आमच्या टोळीचा म्होरक्या. उंच, तिशीतला, तोंडाचा पट्टा सतत चालू. मालाच्या ट्रॉल्यांची माळ ट्रॅक्टरला जोडून तो विमानाशी न्यायचा. तो काकांना आणायचा, काकांना न्यायचा, आणि मला दिसायला लागलं की पेट्यांवरची लेबलंही तोच काकांना वाचून दाखवायचा. काका म्हणायचे, "चष्मा घरी राहिला." रोज घरी राहणारा हा चष्मा मी काही कधी पाहिला नाही. एकदा त्यांनी पंखाच्या टोकाशी ठेवायचा नारिंगी कोन चांगला हातभर आत ठेवला. पायाने चाचपत ठेवला, तेही मी पाहिलं.

मी सरळच विचारलं, "काका, डोळे दाखवलेत का?"

"दाखवले ना. डॉक्टर म्हणाला, सुंदर आहेत."

आता बोला! मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. रॅम्पवर, म्हणजे विमान जिथे उभं राहतं त्या सिमेंटच्या पटांगणावर, ज्याला नीट दिसत नाही तो माणूस आधी स्वतः मरतो आणि मग दुसऱ्याला मारतो. मी एक ओळ लिहून दिली असती तर काकांचा आत जायचा पास त्याच दिवशी जमा झाला असता. पास गेला की नोकरी गेली, आमच्या कंपनीत त्यांना बसवायला दुसरी खुर्ची नव्हती. दीड वर्ष राहिलेल्या माणसाला नुसत्या माझ्या संशयावर घरी बसवायचं? आणि नाही लिहिलं, अन् काही झालं, तर? मला पुरावा हवा होता. खरं सांगायचं तर तो मिळू नये असंच मला वाटत होतं.

म्हणून ते बोल्ट.

विमान यायच्या आधी टोळीने एका रांगेत उभं राहून ती अख्खी जागा चालत तपासायची असते. प्रत्येकाला आपापला पट्टा, नजर खाली, आणि पडलेलं काहीही दिसलं की उचलायचं. खिळा, दगड, प्लॅस्टिकची पट्टी, पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याची रिकामी पुडी, काहीही. कारण विमानाचं इंजिन समोरचं सगळं ओढून घेतं आणि एवढासा तुकडा आत गेला तरी आतली पाती फाटतात. हे सगळ्यांना पाठ आहे. तरी चालताना निम्मे लोक काल रात्रीची क्रिकेटची मॅच बोलत असतात. मी साहेबांना म्हटलं, मी स्वतः पाच बोल्ट टाकते, पिवळे रंगवून, म्हणजे हरवणार नाहीत. ज्याला सापडेल त्याला एक कचोरी. बघू कोणाचं लक्ष आहे ते.

साहेबांना कल्पना आवडली. "पण त्या शेवटच्या रिकाम्या जागेवरच करा हं. जिथे विमान यायचंय तिथे नाही."

मी "हो" म्हटलं. आठवडाभर पाळलंही. मग मला वाटलं, जिथे विमान येतच नाही तिथे कोण कशाला डोळे फाडून बघेल? परीक्षा घ्यायची तर खऱ्या जागेवर. साहेबांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही.

मजा यायला लागली, हे कबूल करते. सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं, पिशवीतून पाच बोल्ट काढायचे आणि लहान मुलांनी लपाछपीत लपावं तसे ते लपवायचे. एक पांढऱ्या रेषेच्या काठाशी, एक तेलाच्या डागात, एक मुद्दाम भर मध्ये, कारण भर मध्ये कोणी बघत नाही. लोक कचोरीसाठी असे वाकून चालायला लागले की लांबून वाटावं, भात लावताहेत. आणि काका? काका रोज एक बोल्ट आणून द्यायचे. रोज! अंगठ्याने चोळत चोळत यायचे आणि माझ्या तळहातावर ठेवायचे. मी मनातल्या मनात देवाला नमस्कार करायची. दिसतंय यांना. उगाच संशय घेतला.

मग एका सकाळी मी पाच टाकले आणि सात परत आले.

सात! मी बोल्ट गोळा करायच्या डब्यात पाहिलं, मोजलं, परत मोजलं. सगळे पिवळे. टोळी माझ्यासमोर इतकी साळसूद चेहरे करून उभी की मला हसू दाबता येईना. "भिया लोक," मी म्हटलं, "हे बोल्ट पिल्लं घालतात का?" ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मॅडमजी, कचोरीवर पोसलेत ना!" सगळे खो खो हसले. सियागंजच्या बाजारातून बोल्ट आणि पिवळ्या रंगाची डबी घेऊन यांनी घरी कारखाना काढला होता, फक्त कचोरीसाठी. मला तेव्हा असंच वाटलं. मी जास्तीच्या दोन बोल्टांच्या कचोऱ्या कापल्या, भरपूर ओरडले, आणि घरी जाऊन मनातल्या मनात हसत कानस काढली.

माझ्या पाचही बोल्टांना मी डोक्याखाली एक बारीक खाच पाडली. वरून पुन्हा पिवळा रंग दिला, म्हणजे दिसू नये. नुसता अंगठा फिरवला तर लागावी. म्हटलं, या आता, बघते तुम्हाला. आईने विचारलं, आता कानस कशाला? मी म्हटलं, व्रतातला पुढचा विधी.

दुसऱ्या दिवसापासून पाचच परत यायला लागले, पाचही खाचवाले. मी पाच-सहा दिवस नेमाने अंगठा फिरवून पाहिला. मग नुसते मोजायला लागले. पाच आहेत ना, झालं. स्वतःच लावलेल्या कुलपाची किल्ली मी स्वतःच फिरवेनाशी झाले, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

ती सकाळ थंडीतली होती. ऊन कोवळं, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. साडेआठला मालाचं विमान यायचं होतं. मी पाचवा बोल्ट हातात घेऊन उभी होते आणि मला माझी हुशारी सुचली. सिमेंटच्या दोन लाद्यांमध्ये फट असते. काकांच्या पट्ट्यात, डाव्या इंजिनाच्या वाटेवर, अशी एक फट जरा उघडी होती. मी तो बोल्ट त्या फटीत ठेवला आणि टाचेने थोडा दाबला. डोकं जेमतेम वर. इतका बेमालूम की मला माझंच कौतुक वाटलं. म्हटलं, काका, हा शोधलात तर दोन कचोऱ्या.

टोळी चालली. चौघांनी चार आणले. ट्रॅक्टरवाला आज काकांच्या शेजारी जरा जास्तच रेंगाळत होता, परत मागे गेला, परत पुढे आला. मी ओरडले, "चला आता, विमान उतरतंय." तेवढ्यात साहेबांचा फोन आला, ट्रॉल्या कमी का लावल्यात म्हणून. मी ट्रॅक्टरवाल्याला हाताने खूण केली, तसा तो धावत ट्रॅक्टरकडे गेला. फोन कानाशी, आणि समोर काका. मूठ पुढे केलेली.

"मॅडम, हा घ्या." बोल्ट तळहातावर ठेवून त्यांनी हात लगेच मागे घेतला नाही. "नीट बघून घ्या हं."

मी मान हलवली, बोल्ट डब्यात टाकला आणि साहेबांना म्हटलं, "हो सर, लावते, दोन मिनिटं."

पाच झाले. झालं.

विमान उतरलं. लांबून वळून आमच्या जागेकडे यायला लागलं. हातवारे करून त्याला जागेवर आणणारा समोर उभा राहिला. बाकी सगळे रेषेबाहेर, कानांवर मफ. मी बाजूला उभी. हाताला काही काम नव्हतं म्हणून डबा उघडला आणि सहज अंगठा फिरवला. खाच. खाच. खाच. खाच. गुळगुळीत.

परत फिरवला. गुळगुळीत.

पाचवा बोल्ट कुठे आहे हे या जगात एकटी मीच जाणत होते. फटीत. डाव्या इंजिनाच्या वाटेवर. आणि तो तिथे मी ठेवला होता, साहेबांनी नाही म्हटलेलं असताना.

कमरेला वॉकीटॉकी होती. एक बटण दाबायचं आणि म्हणायचं, थांबवा. बस. पण मग चौकशी. बोल्ट कोणी टाकला? मी. कोणाला विचारून? कोणालाच नाही. मोठ्या पदासाठी माझं नाव वर गेलेलं होतं, तेही त्याच क्षणी आठवलं, लाज वाटते सांगायला. हात बटणावर गेला आणि तिथेच थांबला. कारण माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट, माझ्याच आवाजात दोन शब्द आले. फट खोल आहे, बोल्ट दाबून बसवलाय, इंजिन त्याच्या किती वर असतं. हो जाएगा.

मी! मी म्हटलं, हो जाएगा.

दोन सेकंद असतील, तीन असतील. तेवढ्यात रेषेबाहेरून एक माणूस चालत पुढे आला, हातवारे करणाऱ्याच्या बाजूला, वैमानिकाला नीट दिसेल असा उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर फुली मारली. फुली म्हणजे थांब. ही खूण रॅम्पवर कोणीही करू शकतो, साधा लोडरसुद्धा. मीच शिकवते ती. पण शिकवल्यापासून कोणी केलेली मी पाहिली नव्हती, कारण विमान थांबवल्यावर का थांबवलं ते सांगावं लागतं.

काका उभे होते. हात वर, फुली घट्ट. हातवारे करणाऱ्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यानेही फुली केली. विमानाने नाक खाली घातलं आणि ते थांबलं. मग कुठे माझ्या बोटाने बटण दाबलं.

इंजिनं बंद झाली, लाल दिवा विझला. मी चालत गेले आणि बोल्ट उचलला. डाव्या इंजिनाच्या वाटेवर, पुढे फार तर दहा पावलांवर. टाचेने दाबलेला, पण येता-जाता हवेने की कशाने, फटीतून निम्मा वर आलेला. तो बोटांनी सहज निघाला. खोल आहे, दाबून बसवलाय, असं मी मघाशी म्हटलं होतं ना? खोल नव्हता.

नंतर विमान ओढून जागेवर आणलं, माल उतरला. मग मी काकांना गाठलं. ते रिकाम्या ट्रॉलीच्या कडेला बसले होते. ट्रॅक्टरवाला शेजारी उभा.

"मॅडम, गलती माझी," तोच आधी म्हणाला. "मला तो सापडलाच नाही. रोज काकाजींच्या पट्ट्यातला मीच बघतो आणि त्यांच्या हातात देतो. आज टाइम गेला, तुम्ही बोलावलं, तर खिशातला दिला. म्हटलं, ट्रॉल्या लावून येतो आणि असलीवाला उचलतो. सोचा, हो..." तो थांबला. पुढचं त्याला बोलवेना. मलाही ते ऐकवलं नसतं.

म्हणजे खोटे बोल्ट कचोरीसाठी नव्हते, काकांची मूठ कधी रिकामी राहू नये म्हणून होते. सात आले त्या दिवशी माझ्या हसऱ्या बुद्धीला एवढंच सुचलं होतं. मी काकांना पकडायला जाळं लावलं होतं आणि अख्ख्या टोळीने ते पहिल्याच दिवशी ओळखून काकांच्या भोवती दुसरं विणलं होतं.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी अंगठा वर केला. "खाच आहे ना तुमच्या बोल्टला, डोक्याखाली. ज्या दिवशी पाडलीत त्याच दिवशी कळली. मला दिसत नाही मॅडम, मी हाताने बघतो. आज अंगठा फिरवला तर गुळगुळीत."

"मग सरळ सांगायचं ना मला!" माझा आवाज चढला. राग कोणाचा होता ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

"सरळ सांगितलं असतं तर याची नोकरी गेली असती. माझी तर गेलीच असती." काका शांतपणे म्हणाले. "म्हणून म्हटलं, नीट बघून घ्या. म्हटलं, मॅडमचे डोळे चांगले आहेत, मॅडम बघतील."

रडू येत होतं आणि रॅम्पवर रडायला मला आवडत नाही.

साहेबांना मी सगळं सांगितलं. अगदी 'सांगायचं राहून गेलं' तेही. फॉर्म मीच भरला. त्यात एक रकाना असतो, धोका सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आला. मी काकांचं नाव लिहिलं. खाली कारणांच्या रकान्यात आधी माझं, मग ट्रॅक्टरवाल्याचं, आणि काकांच्या डोळ्यांचंही लिहिलं. ते लपवून चालणार नव्हतं, काकांनीच सांगितलं होतं, लिहा म्हणून. साहेबांनी कागदावरच्या काकांच्या नावावर बोट ठेवलं.

"हे तेच ना, ज्यांना दिसत नाही?"

"हो सर. तेच."

माझं मोठं पद त्या वर्षी गेलं, लेखी ताकीद मिळाली, आणि दोन्ही गोष्टी बरोबरच होत्या. ट्रॅक्टरवाल्याला पंधरा दिवस घरी बसवलं. काकांचा पास जमा झाला. साहेबांनी मात्र वर खटपट करून एवढं केलं की डोळे तपासून येईपर्यंत नोकरी धरून ठेवायची. डोळ्यांच्या डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, इतके दिवस काय करत होतात? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेला. काढला की झालं. एवढ्यासाठी त्या माणसाने महिनोन्‌महिने चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं होतं, कारण डॉक्टरकडे गेलं की कागद होतो आणि कागद झाला की पास जातो, असं त्यांना वाटायचं. असं वाटायला लावणारी माणसं आम्हीच, वर ओरडणारी.

दोन महिन्यांनी काका परत आले. काळा गॉगल लावून, सायकलवर. पंक्चर निघालं होतं. डॉक्टरचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला होता, पण दाखवताना असा उघडला की लग्नाची पत्रिका देताहेत.

तोवर मी बोल्ट बंद केले होते. आईने ते खिडकीतून काढून टाकले, व्रत संपलं म्हणून. त्या सकाळी टोळी नेहमीसारखी रांगेत उभी राहिली, नुसती तपासणी, कचोरी नाही, काही नाही. सगळे चालत गेले, परत आले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मॅडम, एकदम साफ."

काका मागे राहिले होते. हळूहळू आले. मूठ पुढे केली.

"बस का काका," मी म्हटलं, "आज मी काही टाकलेलं नाही."

त्यांनी मूठ उघडली. काळा, तेलकट, गंजलेला एक बोल्ट. पिवळा नाही. खाच नाही. माझा नाही, सियागंजातलाही नाही.

"हा कोणीच टाकलेला नाही," काका म्हणाले. "हा पडलाय. तुम्ही मला पिवळं शोधायला कधी शिकवलंच नाही ना मॅडम, मला दिसतच नव्हतं. बाकी सगळ्यांना तेवढंच शोधायला शिकवलंत." मग बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला आणि हात लगेच मागे घेतला नाही. "नीट बघून घ्या हं."

या वेळी मी बघितलं. उन्हात धरून बघितलं, अंगठा फिरवून बघितलं, सगळ्यांना थांबवून एकेका ट्रॉलीखाली वाकून, गुडघे टेकून बघितलं. विमान यायला वीस मिनिटं होती. चौथ्या ट्रॉलीचा जोड एकाच बोल्टवर लोंबत होता. दुसरा माझ्या हातात होता.

ती ट्रॉली मी बाजूला काढली, विमान आलं, काकांनी ठोकळे लावले. मग मी गेटाबाहेर जाऊन स्वतः कचोरी आणली. एकच. बाकीचे सगळे बघत उभे राहिले आणि कोणी काही मागितलं नाही.